सासूबाईंचं जहाजावरील काम

एव्हरार्ड डॅब्रिओने अकरा फॉर्मांचा एक फॉर्म केला आणि त्यानंतर सोळाव्या दिवशी त्याच फॉर्मने त्याच्या सासूबाईंना जहाजावर स्वयंपाकाला लावलं. यात फॉर्मचा काही दोष नव्हता असं एव्हरार्ड आजही सांगतो. फॉर्म चोख होता. दोष माणसांचा. माणसांना काही विचारलं की ती खरं उत्तर देऊन मोकळी होतात, त्याला कोण काय करणार?

पोर्ट मर्सीच्या बंदर कचेरीत एव्हरार्ड हेड क्लार्क. सेंट ओडील बेटावर येणारं जहाज, मग ते सिमेंटचं असो की कांद्याचं, आधी त्याच्या टेबलाला लागायचं आणि मग धक्क्याला. आल्यावर कप्तानाने अकरा कागद भरायचे आणि जाताना तेच अकरा पुन्हा. खलाशांची यादी पाच प्रतींत, प्रवाशांची चार, खाण्यापिण्याच्या साठ्याची तीन. शिवाय काही कागद नुसतं 'नाही' म्हणायला होते: जहाजावर उंदीर नाहीत, जहाजावर मयत नाही, जहाजावर दारूगोळा नाही. एका कप्तानाने घाईघाईत आजाऱ्यांची संख्या उंदरांच्या कागदावर लिहिली, 'दोन, पैकी एकाला ताप', तर आरोग्य खात्याची माणसं दोन दिवस तो तापाचा उंदीर शोधत होती.

मग मंत्र्यांनी रेडिओवर जाहीर केलं की सहा महिन्यांत बंदरातली कागदपत्रं सोपी होतील. ते काम एव्हरार्डकडे आलं, कारण त्या दुपारी कचेरीत तो एकटाच माणूस होता. बाकीचे क्रिकेटची मॅच बघायला गेले होते.

एव्हरार्डने काम मनावर घेतलं. तीन महिने जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले असायचे आणि त्याची बायको ग्लेनिस ताट मांडीवर घेऊन जेवायची. संध्याकाळी व्हरांड्यात शेजारचे मिस्टर टेलीमॅक येऊन बसायचे. चाळीस वर्षं हेडमास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे शिकवायला एव्हरार्डच उरला होता.

"रिकामा रकाना ठेवू नकोस," ते म्हणाले. "रिकामी जागा दिसली की मुलं त्यात गाढव काढतात. चाळीस वर्षं बघितलंय मी."

"पण सर, कप्तान मुलं नसतात."

"गाढव तरी नीट काढतात का ते? नाही ना? मग ठेवूच नकोस."

एव्हरार्डने फॉर्मच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'कोणताही रकाना रिकामा ठेवू नये.' टेलीमॅक सरांच्याच सल्ल्याने तळाशी लिहिलं: 'खाडाखोड केल्यास फॉर्म बाद.' आणि फॉर्म बाद म्हणजे जहाज आलंच नाही असं समजावं. पूर्वी चूक दुरुस्त करायला एक वेगळा कागद असायचा. तो एव्हरार्डने स्वतःच्या हाताने रद्द केला. सोपेपणा म्हटला की थोडं निष्ठुर व्हावंच लागतं.

पण त्याचा खरा लाडका होता रकाना सात. खलाशांची यादी वेगळी, प्रवाशांची वेगळी, हा काय प्रकार आहे? सगळी माणसंच ना? म्हणून त्याने एकच यादी केली: 'जहाजावरील माणसे'. पुढे नाव, वय आणि 'जहाजावरील काम'. फॉर्मच्या मागे मंजूर कामांची यादी छापली: कप्तान, इंजिनियर, खलाशी, कुक, कुकचा मदतनीस वगैरे. ज्याचं काम त्या यादीत सापडेल तो कर्मचारी, ज्याचं सापडणार नाही तो प्रवासी. रात्री अंथरुणात त्याने हे ग्लेनिसला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "छान आहे," आणि कूस बदलली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिचं 'छान आहे' कुठल्या अर्थाने असतं हे त्याला कळायला हवं होतं.

तर ती पंचवीस वर्षं त्या रविवारी पूर्ण होत होती. चर्चमध्ये फादर दोघांना पुन्हा आशीर्वाद देणार होते, आणि त्यासाठी बेक्वे बेटावरून ग्लेनिसची आई यायची होती. मा ऑलिव्हिएर. वय अडुसष्ट, आवाज तिशीतला. त्यांनी वर्षभर रममध्ये मुरवलेल्या मनुकांचा काळा केक केला होता आणि तो मांडीवर घेऊनच त्या 'लेडी पर्पेच्युआ'वर चढल्या. हे जहाज दर पंधरा दिवसांनी बेक्वेकडून खाली येई, पोर्ट मर्सीला दोन दिवस थांबे आणि पुढे त्रिनिदादला जाऊन परत फिरे. माल मुख्यतः कांदे. सोबत दोनचार प्रवासी, मुख्यतः ओकणारे.

गुरुवारी सकाळी एव्हरार्ड टाय लावून धक्क्यावर उभा होता. हातात फुलं होती. जहाज लागलं, आणि त्याने अभिमानाने घड्याळ लावलं. अकरा कागदांना चार तास लागत. त्याच्या फॉर्मला बावीस मिनिटं लागली. दोन प्रवासी उतरलेसुद्धा. मा ऑलिव्हिएर मात्र वरच कठड्याला टेकून उभ्या होत्या.

इमिग्रेशनच्या खिडकीत मिस नोएल बसत. इस्त्रीचा गणवेश, इस्त्रीचा चेहरा. एव्हरार्डने खिडकीत डोकं घातलं.

"मिस नोएल, माझ्या सासूबाई अजून वरच आहेत."

"कर्मचारी माल उतरल्यावर उतरतात, मिस्टर डॅब्रिओ. संध्याकाळी सहापर्यंतचा पास मिळेल त्यांना."

"कर्मचारी कोण?"

मिस नोएलनी फॉर्म त्याच्याकडे फिरवला. त्याचाच फॉर्म, त्याचेच रकाने. रकाना सात. पहिल्या प्रवाशाने 'जहाजावरील काम' याखाली 'प्रार्थना' लिहिलं होतं. दुसऱ्याने 'डॉमिनो'. ही कामं मंजूर यादीत नसल्यामुळे दोघेही प्रवासी ठरून घरी गेले होते. आणि त्यांच्याखाली, शाळेत गिरवल्यासारख्या गोल अक्षरात: 'ऑर्टन्स ऑलिव्हिएर, ६८, कुक'.

"अहो, त्या माझ्या बायकोच्या आई आहेत!"

"नातं कुठल्या रकान्यात आहे?"

"नातं... नात्याचा रकाना नाहीये."

"तो तुम्हीच काढलात," मिस नोएल शांतपणे म्हणाल्या. "फॉर्म तुमचा आहे. मी फक्त वाचते. कर्मचारी जहाजाबरोबर येतो आणि जहाजाबरोबर जातो. जहाज शनिवारी बाराला जातंय."

"मग ते 'कुक' खोडा की!"

मिस नोएलनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. खाडाखोड केल्यास फॉर्म बाद, फॉर्म बाद तर जहाज आलंच नाही, आणि जहाज आलंच नाही तर आत्ता धक्क्यावर उतरलेले तीनशे पोती कांदे हे आकाशातून पडले होते. त्याचा खुलासा कस्टम्सला कोण देणार, असं त्यांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज जराही चढला नाही, आणि एव्हरार्डला त्याचाच जास्त राग आला.

तो फुलं तशीच हातात धरून वर गेला.

झालं होतं असं. 'लेडी पर्पेच्युआ'चा कुक किंग्सटाउनला उतरला आणि एका विधवेशी लग्न करून तिथेच राहिला. मग इंजिनियरने भात केला. तो भात पाहून मा ऑलिव्हिएर उठल्या, बाह्या वर केल्या, इंजिनियरला बाहेर काढलं, आणि पुढची दीड दिवसाची वाट त्यांनी जहाजाला खारवलेला मासा, हिरवी केळी आणि नारळाच्या दुधातला विलायती फणस खाऊ घातला. सकाळी कप्तान फॉर्म घेऊन आला. म्हणाला, रिकामा ठेवता येत नाही, काय काम लिहू? मा म्हणाल्या, आण इकडे, मी लिहिते.

"जावईबापू," त्या एव्हरार्डला बघून म्हणाल्या, "फॉर्म छान आहे हो तुमचा. अक्षर काढायला जागा भरपूर आहे."

एव्हरार्डने कप्तान लिकॉकला बाजूला घेतलं. लिकॉक मोठ्या पोटाचा आणि दुःखी डोळ्यांचा माणूस होता.

"कप्तान, नुसतं एक पत्र द्या. या कुक नाहीत म्हणून."

"साहेब, खोटं कसं लिहू? मी दोनदा वाढून घेतलंय."

"पण त्यांना नोकरीवर कोणी ठेवलं होतं?"

"देवाने," लिकॉक म्हणाला. आणि मग जरा भानावर येऊन, "शिवाय तुमच्याच फॉर्मात लिहिलंय, रकाना नऊ, कुकशिवाय जहाज सुटणार नाही. तुम्ही यांना उतरवा, पण मग दुसरा कुक द्या. इंजिनियर मला दाखवू नका."

एवढ्यात कस्टम्सचा माणूस केकपाशी पोचला होता. प्रवाशाचं सामान वेगळं आणि जहाजाचा साठा वेगळा. पण मा ऑलिव्हिएर कुक ठरल्या म्हटल्यावर त्यांच्याजवळचं खाणं म्हणजे जहाजाचा साठा, आणि त्यात रम. मद्ययुक्त साठा बंदरात असेपर्यंत कुलपात. एव्हरार्डच्या डोळ्यांदेखत त्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा केक जहाजाच्या कपाटात गेला आणि कपाटाला शिशाचं सील लागलं. सील लावणारा भला माणूस होता. त्याने आधी केकचा वास घेतला आणि टोपी काढली.

दुपारी ग्लेनिसने दार उघडलं. आई आली, पण तिच्या गळ्यात पास लटकत होता. त्यावर वेळ लिहिली होती.

"सहा वाजता परत? म्हणजे?"

एव्हरार्डने समजावलं. समजावताना त्याने एकदा 'तांत्रिक' हा शब्द वापरला आणि लगेच पस्तावला.

"म्हणजे तुझ्या कागदाने माझ्या आईला खलाशी केलं?"

"खलाशी नाही, कुक. वेगळा हुद्दा आहे."

ग्लेनिसने आईच्या ताटात वाढलं, स्वतःच्या ताटात वाढलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

पावणेसहाला एव्हरार्ड सासूबाईंना धक्क्यावर सोडायला निघाला. वाटेत सगळं पोर्ट मर्सी आपापल्या दारात उभं होतं. बाईला वेळेत घरी पोचवतात हे गावाने पाहिलं होतं. सासूला वेळेत जहाजावर पोचवणारा जावई पहिलाच. "काय एव्हरार्ड, पाठवलीस का परत?" असं न्हाव्याच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं. चर्चच्या बाईंनी कळकळीने सुचवलं की कप्तान विधुर आहे, मा विधवा आहेत, दोघांचं लावून द्या, म्हणजे त्या कप्तानाच्या कुटुंबात जमा होतील आणि कुकमधून आपोआप सुटतील. मासेवालीचं म्हणणं, त्यांना पळून जाऊ दे. पण पळालेल्या कर्मचाऱ्याचा फोटो पोलीस चौकीत लागतो, आणि तो फोटो रविवारी चर्चला जाताना सगळ्यांना दिसला असता. मा ऑलिव्हिएरना ही कल्पना आवडली होती. कुठला फोटो देता येईल हेही त्यांच्या मनात ठरलं होतं.

सल्ला कामाचा दिला तो टेलीमॅक सरांनी. म्हणजे तेव्हा तसं वाटलं.

"आजारी माणसाला कुठलंही जहाज धरून ठेवू शकत नाही," ते म्हणाले. "रकाना दहा. 'आजारी माणसे: होय की नाही.' सासूबाईंना खोकायला सांग. 'होय' झालं की दवाखान्यात, दवाखान्यातून घरी."

शुक्रवारी सकाळी एव्हरार्ड बंदराच्या नर्स अँब्रोज यांना घेऊन जहाजावर गेला. मा ऑलिव्हिएर खोकल्या. खोकला कसला, घसा साफ करून कुणाला तरी हाक मारावी तसा आवाज होता तो. नर्सबाईंनी एव्हरार्डकडे पाहिलं, एव्हरार्डने समुद्राकडे पाहिलं. नर्सबाई भिडस्त होत्या. त्यांनी 'होय'वर खूण केली.

आजाराचा जुना कागद दोन पानी होता. त्यात सर्दी, बोटीचं लागणं, भाजणं, पडणं, देवी, प्लेग अशा पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीला वेगळा उपाय. एव्हरार्डने सोपेपणासाठी त्याचे दोन शब्द केले होते. आणि सावधगिरी म्हणून प्रत्येक 'होय'ला प्लेगचा उपाय जोडला होता. नर्सबाईंची पेन्सिल उठते न उठते तोच जहाजावर पिवळं निशाण चढलं. चोवीस तास कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही. नर्सबाई तेवढ्या उतरल्या, कारण कायद्याप्रमाणे नर्सला रोग लागत नाही.

"मी कर्मचारी नाहीये!" एव्हरार्ड कठड्यावरून ओरडला.

"कोण म्हणतं, कर्मचारी आहात म्हणून?" खालून मिस नोएल म्हणाल्या. "पण माणूस आहात ना? आणि जहाजावर आहात. रकाना सात."

कप्तान लिकॉक जाण्याचा फॉर्म भरायला बसलाच होता. त्याने एव्हरार्डचं नाव घातलं, वय घातलं आणि पेन थांबवून विचारलं, "काम काय लिहू?"

"काहीच नाही. मी काहीच करत नाहीये."

"रिकामा ठेवता येत नाही, साहेब."

"जावईबापू," आतून आवाज आला, "काही करत नसलात तर ही केळी सोला."

त्याच दिवशी दुपारी तीनला राजधानीहून उपसचिव येणार होते, नवा फॉर्म बघायला. एव्हरार्डच्या बढतीचा कागद त्यांच्या सहीवर अडला होता. तीन वाजता उपसचिव धक्क्यावर आले, तेव्हा एव्हरार्ड वर कठड्याशी उभा होता. टाय खांद्यावर टाकलेला, कमरेला फुलाफुलांचा ॲप्रन, बोटं केळीच्या चिकाने काळी.

"तुम्हीच का मिस्टर डॅब्रिओ? वर काय करताय?"

एव्हरार्डला काही सुचायच्या आत मिस नोएल म्हणाल्या, "फॉर्म तपासतायत, सर. प्रत्यक्ष."

उपसचिव भारावले. आजवर त्यांनी बरेच फॉर्म पाहिले होते, पण स्वतःच्या फॉर्ममध्ये राहायला गेलेला क्लार्क पाहिला नव्हता. "उद्या सकाळी येतो, तुमचा अनुभव ऐकायला," ते ओरडून म्हणाले आणि जेवायला गेले. एव्हरार्डने मिस नोएलकडे पाहिलं. त्या खिडकीत बसून शिक्के मारत होत्या.

केळ्यांचा ढीग मोठा होता. आत सहा खलाशी आणि कप्तान रांगेने ताटं धरून येत होते, आणि प्रत्येकजण काहीतरी बोलून जात होता. "मा, कालच्यापेक्षा आज भारी." "मा, तळाची खरवड राहिली असेल तर मला." मा ऑलिव्हिएर वाढत होत्या, रागावत होत्या, एकाला हात धुवायला परत पाठवत होत्या. एव्हरार्डने त्यांना पंचवीस वर्षांत बऱ्याच वेळा स्वयंपाक करताना पाहिलं होतं. पण गुणगुणताना कधी पाहिलं नव्हतं.

"काळजी करू नका, मा," तो म्हणाला. "मी यातून तुम्हाला सोडवणार. माझ्या डोक्यात एक विचार आलाय. तुमच्या जागी मी कुक म्हणून सही करतो. मी जातो त्रिनिदादला. तुम्ही आणि ग्लेनिस रविवारी चर्चला जा."

हे तो मनापासून बोलला. बोलल्यावर त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मा ऑलिव्हिएरनी चुलीवरच्या सूपकडे बोट केलं. "हे तासाभरापूर्वी तुम्हाला ढवळायला दिलं होतं ना? लिकॉकने चाखलं. विचारा त्याला."

कप्तान लिकॉकने दारातूनच मान हलवली. मृतदेहाची ओळख पटवताना हलवतात तशी.

"आणि सोडवायचं सोडवायचं काय लावलंय दोन दिवस?" मा म्हणाल्या. सुरी त्यांनी खाली ठेवली. "तुमच्या मिस नोएलला विचारलंत. लिकॉकला विचारलंत, हेडमास्तरला विचारलंत. मासेवालीलासुद्धा विचारलंत. मला विचारलंत का, ऑर्टन्स, तुला उतरायचंय का?"

एव्हरार्डने हातातलं केळं खाली ठेवलं.

"माझा नवरा एकेचाळीस वर्षं जहाजांवर होता. त्याच्या प्रत्येक कागदावर माझं नाव असायचं. कुठे, माहितेय? अगदी शेवटी. 'बुडाल्यास कळवावे.' एकेचाळीस वर्षं मी त्याच एका रकान्यात बसले. मग तो बुडाला पण नाही, पलंगावर गेला. आता बेक्वेला घर आहे, चूल आहे, आणि एकटीचं जेवण करायचं म्हटलं की अर्ध्या केळ्याचं काय करू ते कळत नाही. काल लिकॉक कागद घेऊन आला आणि म्हणाला, मा, तुमचं काम काय? अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा मला कुणी ते विचारलं. मी खोटं लिहिलं का?"

"नाही," एव्हरार्ड म्हणाला.

"मग खोडायला कशाला निघालात?"

एव्हरार्डने पुढचं केळं उचललं. मग तो म्हणाला, "पण ग्लेनिसला काय सांगू?"

"तिला सांगा, आई दर पंधरवड्याला येईल, दोन दिवस राहील आणि सहा वाजता जाईल. बघा तिचा चेहरा कसा होतो ते. पोरगी माझी आहे, मला माहितेय."

शनिवारी सकाळी नऊला पिवळं निशाण उतरलं. जहाज सुटायला तीन तास होते. ग्लेनिस धक्क्यावर आली तेव्हा तिच्या हातात एव्हरार्डचा कोट होता आणि चेहऱ्यावर सगळं त्याला ऐकवायची तयारी होती. पण आई कठड्यावरून तिच्याशी बोलली. पाचच मिनिटं. काय बोलली ते एव्हरार्डला ऐकू आलं नाही, फक्त शेवटी ग्लेनिस डोळे पुसत हसताना दिसली.

"आई रविवारी चर्चला येऊ शकत नाही ना?" ती म्हणाली. "मग चर्च इथे आणा. आत्ता."

केकही तिथेच होता, आणि कस्टम्सच्या भल्या माणसाने सांगितलं की साठा जहाजावरच खाणार असाल तर सील फोडायला काहीच हरकत नाही. कर नाही, काही नाही. फक्त खाताना तो हजर लागेल.

दहा वाजता फादर जिना चढले. त्यांच्यामागे पाहुणे. न्हावी आला, मासेवाली आली, चर्चच्या बाई आल्या आणि त्यांनी कप्तानाच्या शेजारची जागा मा ऑलिव्हिएरसाठी धरून ठेवली. पूर्वी जहाजावर पाहुणा न्यायचा म्हणजे माणशी तीन कागद लागत. आता जिन्याच्या तोंडाशी मिस नोएल एकच फॉर्म घेऊन उभ्या होत्या, आणि त्रेपन्न माणसं नाव, वय आणि जहाजावरील काम लिहून अर्ध्या तासात वर गेली. फादरनी 'आशीर्वाद' लिहिलं. टेलीमॅक सरांनी 'मार्गदर्शन' लिहिलं. उरलेल्यांनी 'केक' लिहिलं. उपसचिव आले, त्यांनी रांग पाहिली, घड्याळ पाहिलं आणि स्वतःचंही नाव लिहिलं. त्यांचंही काम 'केक'च होतं. बढतीच्या कागदावर त्यांनी दुसऱ्या तुकड्यानंतर सही केली, त्यामुळे त्यावर रमचा डाग आहे.

फादरनी कांद्याच्या पोत्यांसमोर एव्हरार्ड आणि ग्लेनिसला उभं केलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यात कांद्याचा वाटा किती होता ते कुणी मोजलं नाही.

साडेअकराला पाहुणे उतरले, त्यांच्याबरोबर ग्लेनिस आणि एव्हरार्डही. मिस नोएलनी एकेक नाव मोजून घेतलं. शेवटी वर कर्मचारी राहिले. सगळ्यांनी आपापल्या नावापुढे सह्या केल्या. मा ऑलिव्हिएरनी चष्मा लावला, आपलं नाव शोधलं, त्यापुढचा शब्द वाचला आणि त्याच्यापुढे सावकाश, गोल अक्षरात सही केली. मग फुंकर मारून शाई वाळवली. लिकॉक टोपी हातात घेऊन उभा होता. बारा वाजत आले होते, पण त्याने घाई केली नाही.

जहाज सुटलं. ते बंदराच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत ग्लेनिस हात हलवत राहिली.

एव्हरार्ड कोट चढवून इमिग्रेशनच्या खिडकीपाशी गेला. त्याला मिस नोएलचे आभार मानायचे होते. मनात त्याने दोन वाक्यं जुळवलीही होती.

"कोण आहे?" मिस नोएलनी मान वर न करता विचारलं.

"मी. एव्हरार्ड डॅब्रिओ."

"अशक्य आहे," त्या म्हणाल्या आणि फॉर्म फिरवून दाखवला. पाहुण्यांत त्याचं नाव नव्हतं. ते कर्मचाऱ्यांत होतं, कप्तानाच्या हातचं, पक्क्या शाईत, शुक्रवारचं: 'एव्हरार्ड डॅब्रिओ, ५१, कुकचा मदतनीस'. पुढे शिक्का: 'निघाला'. "मिस्टर डॅब्रिओ त्रिनिदादच्या वाटेवर आहेत. पंधरा दिवसांनी जहाज परत येईल तेव्हा बेटावर येतील. सोमवारी कचेरीत मला ते दिसले तर बेटावर विनापरवाना घुसले म्हणून लिहावं लागेल."

"अहो, पण मी तर इथे..."

"म्हणून मी वर बघत नाहीये," मिस नोएल म्हणाल्या. इस्त्रीच्या चेहऱ्यावर कुठेतरी एक बारीक चुणी पडली होती. "घरी जा. मागच्या रस्त्याने." आणि त्यांनी खिडकीचा पडदा खाली ओढला.

एव्हरार्ड मागच्या रस्त्याने घरी गेला. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्याने सलग तीन दिवसांच्या वर रजा घेतली नव्हती. आता त्याला पंधरा दिवस कुठेही जाता येणार नव्हतं. ग्लेनिसने हे सगळं ऐकून घेतलं. मग तिने जेवणाच्या टेबलावरचे कागद गोळा करून कपाटात टाकले आणि दोन ताटं समोरासमोर मांडली.

पाच वाजता व्हरांड्याच्या पायऱ्यांवर काठी वाजली.

"एव्हरार्ड!" टेलीमॅक सरांचा आवाज. "तुझ्या त्या रकाना साताबद्दल मला एक सुचलंय!"

एव्हरार्ड सवयीने उठायला लागला. ग्लेनिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, दार वीतभर उघडलं आणि बाहेर म्हणाली, "तो घरी नाही, सर. जहाजावर गेलाय."

"जहाजावर? कशाला?"

"कामाला," ग्लेनिस म्हणाली, आणि तिने दाराला आतून कडी घातली.